वाचकांचे प्रश्न : पट्ट्यावर चालताना हृदय आणि फुप्फुसं काय करतात?

ट्रेडमिल टेस्टबद्दल (टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. रिपोर्टच्या तळाशी ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा एक शब्द असतो आणि बहुतेक पत्रं त्या शब्दापाशीच अडली आहेत. त्याच शब्दाच्या वर एक तक्ता छापलेला असतो: किती मिनिटं चाललात, ठोके कुठवर गेले, रक्तदाब दर टप्प्याला किती होता, का थांबवलं. तो तक्ता कुणी वाचत नाही. आमची उत्तरं बहुतेक त्यातूनच आली आहेत.

प्रश्न : वय ५२. छातीत अधूनमधून टोचतं म्हणून टीएमटी केली. ब्रूस प्रोटोकॉलवर ९ मिनिटं चाललो, ठोके १५८ पर्यंत गेले. छातीत दुखलं नाही, धाप लागली म्हणून थांबलो. रिपोर्ट म्हणतो, ‘व्ही-५, व्ही-६ मध्ये १ मिमी एसटी डिप्रेशन, पॉझिटिव्ह’. म्हणजे ब्लॉकेज आहे असंच समजायचं का?

तसं लगेच समजू नका. आधी तुमची ९ मिनिटं पाहू. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किमी आणि १२ टक्के, तिसरा ५.५ किमी आणि १४ टक्के. तिसरा टप्पा पूर्ण करणं म्हणजे साधारण १० मेट. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन वापरतं, तो १ मेट. तुम्ही त्याच्या दसपट काम केलंत. अख्ख्या रिपोर्टमध्ये पुढच्या काही वर्षांबद्दल सगळ्यात जास्त सांगणारा आकडा हाच असतो, आणि तुमचा चांगला आहे. ठोक्यांचा अंदाज २२० वजा वय, म्हणजे १६८. तुम्ही त्याच्या ९४ टक्क्यांवर पोचलात. म्हणजे हृदयाला पुरेसा ताण दिला गेला.

आता तो १ मिलिमीटर. एसटी म्हणजे ईसीजीत ठोक्याचं उंच टोक संपल्यावर येणारी रेष, ती खाली सरकली की एसटी डिप्रेशन. व्ही-५, व्ही-६ ही छातीच्या डाव्या बाजूला लावलेल्या इलेक्ट्रोडची नावं. हृदयाचा स्नायू विश्रांतीतसुद्धा त्याच्याकडे आलेल्या रक्तातला जवळजवळ ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतो. पायाच्या स्नायूला ‘आहे त्या रक्तातून जास्त शोषून घे’ ही सोय असते, हृदयाला ती फारशी उरत नाही. त्याला जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्तच यावं लागतं, आणि निरोगी माणसात ते चार-पाच पटीने वाढतंही. अडचण अशी, की डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. मिनिटाला ६० ठोके असताना एका चक्राला १ सेकंद मिळतो आणि त्यातला मोठा भाग विसाव्याचा असतो. १५० ठोक्यांना अख्खं चक्रच ०.४ सेकंदात आटोपतं आणि कात्री लागते ती विसाव्यालाच. वाटेत अरुंद जागा असेल तर आधी उपासमार होते स्नायूच्या आतल्या थराची. एसटी रेष खाली जाते ती त्यामुळे.

पण ही रेष नुसती किती खाली गेली एवढंच बघून चालत नाही, ती कशी गेली हेही बघावं लागतं. ही रेष जिथून सुरू होते त्या ‘जे’ बिंदूनंतर ६० ते ८० मिलिसेकंदांवर मोजताना ती आडवी किंवा उतरती असेल आणि हे सलग तीन ठोक्यांत स्थिर दिसत असेल, तर तिला वजन. भरभर वर चढणारी रेष जोरात चालणाऱ्या निरोगी माणसातही दिसते. थांबल्यावर मिनिटाभरात सरळ झाली की चार-पाच मिनिटं खालीच राहिली, यानेही अर्थ बदलतो. तुमच्या रिपोर्टवर आकार लिहिलेला नाही. ईसीजीच्या मूळ पट्ट्या मागून घ्या. आणखी एक, व्ही-५ मध्ये बदल दिसला म्हणून अमुक रोहिणीत अडथळा आहे असं म्हणता येत नाही. एसटी डिप्रेशन जागा दाखवत नाही.

या टेस्टवरून धोका किती ते सांगणारा ड्यूक स्कोअर घरीही काढता येतो. ब्रूसवर चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या मिलिमीटरांची पाचपट वजा करा, मग छातीदुखीच्या गुणांची चौपट वजा करा. दुखलंच नाही तर ०, दुखलं पण चालत राहिलात तर १, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर २. तुमचा हिशोब ९ – ५ – ० = ४. अधिक ५ किंवा वर असेल तर धोका कमी, उणे १० ते अधिक ४ मध्यम, उणे ११ किंवा खाली जास्त. तुम्ही मध्यम गटाच्या अगदी वरच्या काठावर आहात, आणि तुमची रेष चढती निघाली तर ते ५ गुण वजाच होणार नाहीत. याउलट ४ मिनिटांत २ मिमी उतरती रेष आणि दुखण्यामुळे थांबलेली टेस्ट, म्हणजे ४ – १० – ८ = उणे १४, अशा माणसाने अँजिओग्राफी पुढे ढकलू नये.

तुमच्यासाठी पुढची पायरी बहुधा चित्र दाखवणारी तपासणी असेल: स्ट्रेस इको (कष्ट देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी), न्यूक्लिअर स्कॅन किंवा सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. टोचणं बसल्याजागी यायला लागलं, वाढलं किंवा दाबल्यासारखं होऊन जबड्यात-हातात गेलं, तर मात्र तारखेची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा.

प्रश्न : आई ६१ वर्षांची आहे. दोन जिने चढली की थांबावं लागतं, वर्षभरात वाढलंय. टीएमटी निगेटिव्ह, इको नॉर्मल. ‘वयामुळे आहे’ असं सांगितलं गेलं. खरंच वयामुळे असेल का?

असू शकतं, पण झालेल्या दोन तपासण्यांवरून ते ठरत नाही. टीएमटीच्या ईसीजीने ‘हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. इको आडवं झोपून केला. आईंना त्रास होतो तो चढताना.

शरीरात पंप दोन आहेत आणि ते एकामागोमाग जोडलेले आहेत. डावा जेवढं रक्त शरीराला देतो तेवढंच उजव्याला फुप्फुसांतून पार करावं लागतं. विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर, कष्टात धडधाकट तरुणाला २० लिटर किंवा त्याहून जास्त. डावीकडे हा लोंढा अनेक वाटांनी विभागला जातो. पायाच्या वाहिन्या रुंदावतात, आतड्यांकडच्या आखडतात. उजवीकडे अशी निवड नाही. सगळं रक्त एकाच फुप्फुसी जाळ्यातून जायचं, आणि तेही काही मिलिमीटर जाडीच्या पातळ उजव्या जवनिकेच्या जोरावर.

निरोगी फुप्फुस हे कसं पेलतं? विश्रांतीत, उभं असताना, फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या पुष्कळ केशवाहिन्या मिटलेल्या किंवा जेमतेम वाहत्या असतात. कष्ट सुरू होताच त्या उघडतात आणि आधीच उघड्या असलेल्या फुगतात. म्हणून प्रवाह तिपटी-चौपटीने वाढला तरी दाब त्या मानाने थोडाच चढतो. फुप्फुस रोहिणीतला सरासरी दाब विश्रांतीत १४ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, २० पर्यंत ठीक. प्रवाहात दर लिटरमागे दाब ३ मिमीपेक्षा जास्त चढत असेल, तर कष्टातला फुप्फुसी रक्तदाब वाढलेला आहे असं म्हणतात. समजा एकीत ५ लिटरला १४ आणि १५ लिटरला २५: लिटरमागे १.१, उत्तम. दुसरीत ५ लिटरला १८ आणि १० लिटरला ३८: लिटरमागे ४. झोपून मोजलं तर दोघींचाही दाब सामान्य, फरक दिसणार तो जिन्यावरच. फुप्फुसातल्या वाहिन्यांचा बराच मोठा हिस्सा निकामी झाल्याशिवाय विश्रांतीतला दाब चढतच नाही.

बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो. केशवाहिन्यांच्या अलीकडे, म्हणजे फुप्फुसाच्या छोट्या रोहिण्या जाड झालेल्या किंवा जुन्या गुठळ्यांनी बुजलेल्या असतील. आईंच्या पायाला कधी सूज येऊन गुठळी सांगितली होती का, हे आठवून डॉक्टरांना जरूर सांगा. तसं असेल तर फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा व्हेंटिलेशन-परफ्युजन स्कॅन लागतो. दुसरं ठिकाण खुद्द हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा. विश्रांतीत रक्ताची पेशी केशवाहिनीत साधारण पाऊण सेकंद असते आणि ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्याचा तिसरा हिस्साच पुरतो. जोरात कष्ट करताना ती पाव सेकंदाच्या आसपासच थांबते. पडदा जाड झाला असेल तर विश्रांतीतली ही सवड उणीव झाकून टाकते आणि चालायला लागलं की ऑक्सिजन घसरतो. तिसरं ठिकाण पलीकडे, डाव्या बाजूला. डावी जवनिका आकुंचन छान पावते, इकोवर पंपिंग ६० टक्के दिसतं, पण ती ताठर असते. वेगाने आलेलं रक्त सामावून घेत नाही, दाब मागे फुप्फुसात चढतो आणि धाप लागते. साठीच्या पुढच्या, रक्तदाब, मधुमेह किंवा जास्त वजन असलेल्या स्त्रियांमध्ये हे खूप आढळतं आणि खूप निसटतंही.

क्रम असा ठेवा. आधी साध्या गोष्टी: हिमोग्लोबिन, थायरॉइड, फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी). हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला महागड्या तपासण्यांआधी रक्तक्षयाचं कारण शोधणं गरजेचं. टीएमटीच्या तक्त्यात सर्वांत जास्त ठोके किती गेले तेही बघा. ते ११० वरच अडले असतील तर हृदय वेगच घेत नाही, हेसुद्धा दम लागण्याचं कारण असतं. त्यानंतर स्ट्रेस इको, त्यात हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेतून मागे येणाऱ्या धारेचा वेग मोजून घ्या. वेगाचा वर्ग गुणिले ४ म्हणजे दाबातला फरक: सेकंदाला ३ मीटर असेल तर ३६ मिमी.

उत्तर तरीही मिळालं नाही तर मास्क लावून करायची कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट. तिच्यात दर श्वासाचा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती लिटर हवा हलवावी लागते, याचा उतार साधारण ३० च्या आत असतो. फुप्फुसाच्या वाहिन्या आजारी असतील तर तो ४० च्याही पुढे जातो, कारण हवा पोचते पण तिथे रक्तच नसतं. श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड निरोगी माणसात सुरुवातीला थोडा वाढतो, इथे उलट घसरतो. हा उतार सामान्य आणि ऑक्सिजनचा वापर नुसताच कमी असेल, तर मात्र ‘चालायची सवय गेली’ हे निदान बहुधा खरं. शेवटचा निवाडा उजव्या बाजूने कॅथेटर घालून, सायकल मारत मारत दाब मोजून होतो. ते सगळ्यांना लागत नाही.

घरच्या ऑक्सिमीटरने एक करता येईल. जिना चढण्याआधी आणि वर पोचल्यावर लगेच वाचन लिहा, असं तीन वेळा करा. बोट कोमट हवं, नखाला रंग नको, कठडा पकडलेल्या हाताला लावू नका. आकडा १०-१५ सेकंद मागे असतो, तेवढं थांबा. ४ किंवा जास्त अंकांनी घसरण तीनही वेळा दिसली तर तो कागद घेऊन जा. चक्कर येत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा छातीत दुखत असेल तर हा प्रयोग करूच नका.

प्रश्न : टेस्टमध्ये माझा रक्तदाब २१४/८२ झाला. एरवी १२८/८० असतो. गोळी सुरू करायची का?

या एका आकड्यावर नाही. हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढतं तसा वरचा आकडा चढणारच, ढोबळपणे दर मेटमागे १० मिमी. स्नायूंतल्या वाहिन्या सैल झाल्याने खालचा तसाच राहतो किंवा किंचित उतरतो, तुमचाही तसाच आहे. पुरुषांत २१० च्या वर गेला तर ‘जास्तीचा प्रतिसाद’ म्हणतात, स्त्रियांत १९० च्या. अशा लोकांना पुढे कायमचा रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तेव्हा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा किंवा २४ तासांचं यंत्र लावून घ्या, गोळीचं त्यावरून ठरेल.

वाढलेल्या दाबापेक्षा आम्हाला जास्त काळजी वाटते ती पडलेल्या दाबाची. कष्ट वाढत असताना वरचा आकडा १० मिमीहून जास्त घसरला आणि सोबत छातीत दुखणं किंवा एसटी बदल असेल, तर टेस्ट तिथेच थांबवायची. डावी जवनिका मागणी पुरवू शकत नाही, असा त्याचा अर्थ.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, मेटोप्रोलॉल चालू आहे. टेस्टला ठोके ११२ च्या वर गेलेच नाहीत, तरी ‘निगेटिव्ह’ लिहिलंय. ग्राह्य धरायचं?

तुमचा अंदाजे कमाल वेग १६२. ताण पुरेसा मानायला त्याचे निदान ८५ टक्के, म्हणजे १३८ ठोके लागतात. तुम्ही ६९ टक्क्यांवर थांबलात. एसटी बदल दिसला नाही हे खरं, पण तो दिसावा एवढा ताणच पडला नाही. अशा रिपोर्टवर ‘निर्णायक नाही’ असं लिहायला हवं होतं.

टेस्ट कशासाठी केली यावर पुढचं अवलंबून आहे. आजार आहे का ते शोधायचं असेल तर बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंद ठेवणारी गोळी) डॉक्टरांना विचारून आधी बंद करतात, सहसा एक-दोन दिवस. स्वतःच्या मनाने करू नका. अचानक बंद केल्यावर ठोके आणि दाब उसळतात, छातीदुखी वाढू शकते. आजार माहीत आहे आणि गोळीवर कष्ट कितपत झेपतात ते बघायचंय, तर गोळी घेऊनच चालायचं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेत असाल तर तेही सांगा, त्याने एसटी रेष ब्लॉकेज नसतानाही खाली जाते. हृदयातल्या विजेच्या वाटेच्या डाव्या फांदीचा ब्लॉक (लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक) किंवा पेसमेकर असेल तर पट्ट्यावरचा ईसीजी वाचता येत नाही, थेट चित्राची तपासणी करावी.

प्रश्न : वय ३५, काही तक्रार नाही. दरवर्षी टीएमटी करावी का?

नको. ढोबळमानाने ही टेस्ट खऱ्या रुग्णांपैकी दोन तृतीयांशांना पकडते आणि निरोगी लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना मोकळं सोडते. हिशोबापुरतं धरा, की तुमच्यासारख्या १००० जणांत ३० जणांना आजार आहे. त्यातले २० पकडले जातील. उरलेल्या ९७० पैकी सुमारे २४० निरोगी लोकही पॉझिटिव्ह ठरतील. बारा निरोगी लोकांमागे एक रुग्ण, आणि तेराही जण पुढच्या तपासण्यांच्या रांगेत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर यांचा तुम्हाला जास्त उपयोग होईल.

प्रश्न : पट्टा थांबल्यावर मला गरगरलं. तंत्रज्ञ म्हणाले, हळूहळू चालत राहायला हवं होतं. झोपवलं असतं तर बरं झालं नसतं का?

चालताना पोटऱ्यांचे स्नायू नीलांना पिळून रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबलात की ती पिळण थांबते, पण पायातल्या वाहिन्या अजून सैलच असतात. रक्त खाली साचतं, हृदयाकडे कमी परततं, दाब पडतो. एक-दोन मिनिटं मंद वेगात चालवलं तर हे सहसा टळतं. लगेच झोपवलं तर गरगर कमी, पण पायातलं रक्त झपकन परत येऊन हृदय ताणतं, आणि काही वेळा एसटी बदल तेव्हाच उमटतो. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम झोपवतात. स्ट्रेस इकोत तर इलाजच नसतो, चित्रं मिनिटाभरात घ्यावी लागतात. काहीही केलं तरी निदान ६ ते ८ मिनिटं ईसीजी आणि रक्तदाब बघत राहायचं.

रिपोर्टमध्ये थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचे ठोके शोधा. मंद चालत असताना एका मिनिटात ते १२ पेक्षा जास्त उतरायला हवेत. त्याहून कमी उतरत असतील तर ठोक्यांना लगाम घालणारा व्हेगस मज्जातंतू आळसावलेला आहे, आणि एसटी सरळ असली तरी या गोष्टीची नोंद घ्यायची.

प्रश्न : मी टीएमटी करणारा तंत्रज्ञ आहे. दुसऱ्या टप्प्यानंतर ईसीजीची पट्टी इतकी हलते, की एसटी वाचवत नाही. यंत्र नवं आहे.

दहापैकी नऊ वेळा दोष यंत्रात नसतो, कातडीत असतो. इलेक्ट्रोडच्या जागेवरचे केस काढा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि खरखरीत पट्टीने दोन-तीन वेळा हलकं घासा. थोडं लालसर दिसलं की पुरे. ओलसर स्पिरिटवर चिकटवलेला इलेक्ट्रोड पाचव्या मिनिटाला घामाबरोबर सुटतोच. चिकटवल्यावर बोटाने टकटक करा, पट्टी उडाली तर तो काढून पुन्हा तयारी करा. वायरींचा जुडगा कंबरेच्या पट्ट्याला बांधा, लोंबकळू देऊ नका. हाता-पायांचे इलेक्ट्रोड धडावर लावता तेव्हा विश्रांतीतला ईसीजीही त्याच जागांवरून, आणि रुग्णाला उभं करून, पुन्हा काढा. नेहमीच्या झोपून काढलेल्या ईसीजीशी तुलना केली तर अक्ष (हृदयातल्या विजेची दिशा) सरकलेला दिसतो आणि नसलेले बदल सापडतात.

संगणकाने सरासरी काढलेल्या गुळगुळीत ठोक्यावर विसंबू नका. हलत्या रेषेची सरासरी काढताना तो खोटी एसटी तयार करू शकतो. त्याच मिनिटाचे कच्चे ठोके शेजारी ठेवून बघा.

कठड्याचंही बघा. रुग्ण घट्ट धरून लोंबकळला तर हाताच्या स्नायूंची थरथर पट्टीत येते आणि कामही हलकं होतं. रिपोर्टमध्ये १० मेट छापले जातात, खरे झालेले असतात बरेच कमी. तोल जात असेल तर कठड्यावर दोन बोटं टेकवू द्या. रक्तदाब दर टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात घ्या, आणि तेव्हा तो हात कठड्यावरून काढून तुमच्या हातावर सैल ठेवून घ्या.